उसनं अस्तर

केतकीनं स्वतःची नळी स्वतःच ओढली. तीही चारचौघींच्या देखत, आणि ओढून झाल्यावर बासुंदी प्यायल्यासारखे ओठ पुसले.

रांगेत तिच्या मागं तिची थोरली जाऊ धनश्री उभी होती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. इचलकरंजीतल्या शाळेचा तो हॉल बायकांनी खच्चून भरलेला, जिला बघावं ती आपली नळी पोराच्या नावे करून मोकळी होतेय, आणि ही बया मात्र आरामात खुर्चीवर टेकून, डोळे मिटून, "एक, दोन, तीन" मोजत आपली नळी आपल्याच छातीत रिचवतेय. आई आहे का कोण आहे ही!

"लाज कशी वाटत नाही गं?" धनश्री शेजारणीच्या कानात पुटपुटली. मुद्दाम केतकीला ऐकू जाईल एवढं मोठ्यानं.

केतकीला ऐकू गेलं. ती वळून हसली. "ताई, जीभ जरा बधिर होते, बाकी काही नाही. घाबरू नका."

आता ही नळी म्हणजे काय, ते सांगायलाच हवं. आपल्या घशात आणि श्वासनलिकेत काही जिवाणू गुण्यागोविंदानं राहत असतात. शास्त्रज्ञांनी त्यातली एक निरुपद्रवी जात निवडली आणि तिला नवं काम शिकवलं. श्वासनलिकेला आतून एक पातळ, चिकट जाळं विणायचं. हवेतून येणारी धूळ, धूर, कापसाची लव त्यात अडकते, जाळं सावकाश वर सरकत घशाशी येतं, आणि माणूस नकळत ते गिळून टाकतो. खाली नवं जाळं विणणं चालूच. नळीत हे जिवाणू भरलेले असत, ते श्वासाबरोबर आत ओढायचे. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव होतं, पण कापडाच्या गावानं त्याचं बारसं एका दिवसात केलं: अस्तर. कोटाला असतं तसं छातीला अस्तर.

आणि या गावाला ते हवंच होतं. धोट्याच्या मागांचा खडखडाट जाऊन हवेच्या झोतावर चालणारे माग आले, कान शांत झाले, पण कापसाची लव होती तेवढीच उडत राहिली. त्यातच एक नवं यंत्र आलं. त्यात फुंकलं की ते तुमचा अंक सांगे. तुमच्यासारखी शंभर माणसं घेतली, तर पुढच्या वीस वर्षांत त्यातल्या किती जणांची छाती धड राहील, तो हा अंक. यंत्राला लोक फुंकणी म्हणायचे. पूर्वी बायका ताप आला का विचारायच्या, आता विचारायच्या, "तुझ्या पोराचा अंक किती?"

माणशी वर्षाला एकच नळी मिळे. हवी तर आईबापांना आपली नळी मुलाच्या नावे करता येई. तसा कागद होता, आणि सही घेण्याआधी आरोग्यसेविकेनं एक प्रश्न विचारायचा असा वरून हुकूम होता. आईबाप स्वतःच्या जिवाचं मोल काय धरतात आणि मुलाच्या जिवाचं काय, हे म्हणे कुणाला तरी मोजायचं होतं.

"धनश्री खारगे," शकीला मुल्ला म्हणाल्या. या वॉर्डाच्या आरोग्यसेविका. पंचवीस वर्षं या गल्ल्यांतून हिंडून त्यांना घराघरातला खोकला ओळखू यायचा. "नीट ऐका हं. तुमचा अंक बावन्न. नळी घेतली तर पंचाहत्तर होईल. ओवीची पहिली नळी झाली, ती अठ्ठ्याऐंशीची पंच्याण्णव होईल. तुमची पण तिलाच दिली, तर फार तर आणखी एक वाढेल. तिचा एक, तुमचे तेवीस. तरी द्यायची?"

"हे काय विचारणं झालं?" धनश्री फणकारली. "लेकीचा एक अंक माझ्या शंभरापेक्षा मोठा आहे. आणा तो कागद."

तिनं सही ठोकली आणि केतकीकडं बघितलं. केतकी शर्विलच्या शर्टाची गुंडी लावत होती. तिनं बघितलंसुद्धा नाही. धनश्रीला वाटलं, सही फुकट गेली.

*

खरं सांगायचं तर धनश्रीचं हे दुखणं नळीपेक्षा जुनं होतं. खारग्यांचं घर दुमजली. खाली धनश्री, तिचा नवरा संग्राम आणि नऊ वर्षांची ओवी. वर धाकटा दीर रणजित, केतकी आणि त्यांचा सहा वर्षांचा शर्विल. मागं शेड, शेडमध्ये सोळा माग. भाऊ दोघं मागावर असायचे आणि धनश्री शेडमध्येच दिव्याखाली कापड तपासायला उभी राहायची, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. केतकी सकाळी वरच्या खोलीत बसून परगावच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवायची, आणि दुपारपासून मोकळी.

म्हणून ओवी शाळेतून आली की थेट वर. जेवण काकीकडं, अभ्यास काकीकडं. जेवल्यावर काकीच्या गळ्यात नाक खुपसून झोपायचं, उठल्यावर काकीकडून चार पदरी वेणी घालून घ्यायची, आणि संध्याकाळी खाली येऊन आईला सांगायचं, "काकीच्या अंगाला किनई वेलदोड्याचा वास येतो."

"आणि माझ्या?" धनश्रीनं एकदा विचारलं.

ओवीनं प्रामाणिकपणे हुंगून बघितलं. "कापडाच्या खळीचा."

दुसऱ्या दिवशी धनश्रीनं आंघोळीच्या पाण्यात चार वेलदोडे ठेचून टाकले. वास काही लागला नाही, वेलदोडे मात्र वाया गेले.

शिबिरानंतर महिन्यानं शाळेत पोरांनी फुंकणी फुंकली. ओवी पंच्याण्णव. दोन नळ्या घेऊन पंच्याण्णव! आणि शर्विल, एका नळीवर, शहाण्णव. धनश्रीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जिनं आपल्या घासातला घास काढून दिला तिची लेक मागं, आणि जिनं स्वतःचं पोट आधी भरलं तिचा लेक पुढं? देवाकडं काही हिशेब आहे की नाही?

"एका अंकानं काय होतंय?" संग्राम म्हणाला. तो गडी असा की पोळी करपली तरी खमंग झालीय म्हणेल.

"तुम्हाला काय कळतंय! त्या एका अंकासाठीच मी माझी नळी दिली."

"मग म्हणूनच विचारतोय, मिळाला का तो?"

धनश्रीनं ताट जरा जोरात ठेवलं, आणि तो विषय तिथं संपला.

होळीच्या सुमाराला मात्र देव पावला. ओवीचा अंक सत्त्याण्णव झाला. शर्विलही सत्त्याण्णववरच, म्हणजे बरोबरी! धनश्रीनं अर्धा किलो पेढे आणले, अख्ख्या गल्लीला वाटले आणि सगळ्यात शेवटी पुडा घेऊन वर गेली. अठरा पायऱ्या. नवव्या पायरीवर खोकल्याची ढास आली म्हणून थांबावं लागलं. मग पदर सारखा करून ती उरलेल्या चढली.

"घे. तोंड गोड कर. ओवी सत्त्याण्णव झाली."

"अगंबाई! मस्तच की ताई!" केतकीनं पेढा तोंडात टाकला.

"आईनं स्वतःचं काढून दिलं की असं होतं," धनश्री म्हणाली. "उशिरा लागतं, पण लागू पडतं."

केतकी पेढा चघळत तिच्याकडं बघत राहिली. "आणि तुमचा किती झाला?"

"माझा काय करायचाय?"

"नाही, खालून येताना तुमचा खोकला ऐकू आला म्हणून विचारलं."

धनश्रीचा अंक एकोणपन्नास झाला होता. तिनं तो कुणाला सांगितला नव्हता. पुड्यात दोन पेढे उरले होते ते शर्विलसाठी ठेवायचे होते, पण ती पुडा तसाच घेऊन खाली आली. असली चिडकी वागणूक करून नंतर तिलाच वाईट वाटायचं, पण परत वर जाऊन पेढे देण्याएवढं वाईट वाटलं नाही.

*

जूनमध्ये शकीलाताई घरी आल्या. हातात पाकीट होतं. सगळ्यांना खाली बोलावून त्यांनी जाजमावर बसकण मारली.

"नवीन तपासणी आलीय," त्या म्हणाल्या. "पोरांना गेल्या महिन्यात पिशवीत फुंकायला लावलं होतं ना, तिचा निकाल. तुम्ही कापडाच्या ठाणावर शिक्का मारता की नाही, कुठल्या शेडचा माल ते कळायला? तसा प्रत्येक नळीतल्या जिवाणूंवर एक शिक्का असतो, त्यांच्या बीजातच घातलेला. बाजारात चोरून विकल्या तर पकडता याव्यात म्हणून घातला होता. पण त्यातनं भलतंच कळलंय. अस्तर एका जागी बसत नाही. जवळ राहणाऱ्या माणसाकडून, श्वासातून, थोडं थोडं दुसऱ्याच्या छातीत जातं. लहान मुलांच्या तर फारच पटकन. आता प्रत्येक मुलाच्या छातीत कुणाकुणाचं अस्तर आहे, ते या कागदावर आहे."

"म्हणजे गुण लागतो तसं?" संग्राम म्हणाला.

"तसंच. वाचते. शर्विल. शंभर भागांत स्वतःच्या नळीचे अठ्ठावन्न, आईचे चाळीस, बाबांचे दोन."

रणजित ओशाळला. केतकीनं शर्विलच्या टाळूवर ओठ टेकले.

"ओवी. स्वतःच्या पहिल्या नळीचे एकसष्ट." शकीलाताई थांबल्या. त्यांनी धनश्रीकडं न बघता पुढचं वाचलं. "काकीचे छत्तीस. बाबांचे तीन."

ओवी बोटांवर बेरीज करत होती. "शंभर झाले की," ती म्हणाली. "आईचे कुठायत?"

"माझी नळी तिला दिली होती," धनश्री म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "अख्खी दिली. माझ्यासमोर ओढली तिनं. त्याचं काय?"

"त्याचं काही नाही, धनश्री." शकीलाताईंनी कागद मांडीवर ठेवला. "छातीत जागा तेवढीच. पहिल्या नळीनं ती व्यापली. एकदम आलेली दुसरी नळी टिकलीच नाही, आठवड्यात धुऊन गेली. गावातल्या सगळ्या पोरांचं तेच झालंय. बाहेरून थोडं थोडं, रोज येतं ना, तेच फटीफटीतून रुजतं. तुम्ही ती नळी स्वतः घेतली असती, तर तुमच्या श्वासातून तिला मिळालं असतं. जसं केतकीकडून मिळालं."

"म्हणजे होळीला जे दोन अंक वाढले..." संग्राम बोलायला लागला आणि गप्प बसला. पण बोलून गेलाच होता.

पेढे आठवले. गल्लीभर वाटलेले. धनश्रीच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. तीन टक्के तर त्या बापाचेसुद्धा होते, जो लेकीला दिवसातून एकदा टपली मारण्यापलीकडं कधी जवळ घेत नाही! आणि जिनं नऊ महिने पोटात वाढवलं तिचा शून्य. लेकीच्या छातीत कोण राहतंय तर ती वरची. वेलदोड्याच्या वासाची.

"ताई..." केतकी म्हणाली.

"ओवी उद्यापासून वर यायची नाही," धनश्री म्हणाली.

"तसं करू नका," शकीलाताई पटकन म्हणाल्या. "उसनं अस्तर रोजच्या रोज भरावं लागतं. तुटलं की विरतं. अंक खाली येईल तिचा."

"माझी लेक आहे. मी बघीन."

*

आणि तिनं खरंच बघितलं. ओवी दुपारी शेडमध्ये, कापड तपासायच्या टेबलाखाली चटई टाकून बसायला लागली. तिथंच डबा, तिथंच गृहपाठ. धनश्री तिला दर तासानं जवळ ओढायची, तोंडाला तोंड लावायची, वेणी घालायची. तीन पदरी, कारण चार पदरी तिला जमत नव्हती. ओवी निमूट बसायची. वरून शर्विलची हाक आली की मान वर करायची आणि आईकडं बघून खाली घालायची.

धनश्रीच्या श्वासात द्यायला काही नव्हतंच, हे तिला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण लेक वर जाते आणि त्या बाईच्या गळ्यात नाक खुपसते हे डोळ्यांसमोर आलं की कळलेलं सगळं वाहून जायचं. मत्सर असाच असतो, तो शहाण्या माणसाला आधी बहिरा करतो.

जुलैत ओवी शहाण्णव. ऑगस्टमध्ये चौऱ्याण्णव. संग्राम एकदा म्हणाला, "अगं, पोरीचं नुकसान होतंय." धनश्रीनं त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी त्यानंच हात टेकले.

मग गौरी आल्या. खारग्यांकडं दोन गौरी वरच्या माडीवर बसायच्या, कारण जागा तिथं होती. रिवाज असा की ज्येष्ठा थोरल्या जावेनं न्यायची, कनिष्ठा धाकटीनं, आणि दोघींनी एका दमात, वाटेत कुठंही न टेकता वर पोचवायच्या. सासू असल्यापासूनची पद्धत. वर्षातून हा एकच दिवस असा होता की घरात धनश्री पुढं आणि केतकी मागं चालायची. धनश्री या दिवसाची वाट बघायची.

तिनं मुखवटा आणि कलश छातीशी धरला. पायऱ्यांवर ओवीनं हळदीकुंकवाची पावलं काढली होती. एक, दोन, तीन. सहाव्या पायरीला छाती घट्ट झाली. आठव्याला डोळ्यांपुढं काजवे चमकले. नवव्याला पाय उचलेचना. ती तशीच थांबली, भिंतीला खांदा लावून, माशासारखं तोंड उघडून. ज्येष्ठा कलली. मागून एक हात आला आणि कलशाखाली गेला. केतकीनं आपली कनिष्ठा डाव्या कडेवर घेतली होती, लेकरासारखी.

"सोड," धनश्री कशीबशी म्हणाली. "मी नेते."

"न्या की. पण आधी श्वास घ्या."

"आई, तू बस," खालून ओवी म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

धनश्री पायरीवर बसली. आजवर कुणी मध्ये टेकलं नव्हतं. केतकीही शेजारी बसली, दोन्ही गौरी दोघींच्या मांडीवर. खाली संग्राम आरतीचं ताट घेऊन उभा होता, त्याला केतकीनं हातानं थांबवलं.

"अंक किती झालाय तुमचा?"

"सत्तेचाळीस."

"ताई, शिबिरात तुम्ही काय म्हणाला होता, आठवतंय? लेकीचा एक अंक माझ्या शंभरापेक्षा मोठा. मी पाठ केलंय ते. मला वाटलं होतं, खरंच काय आई आहे ही." केतकीचा आवाज थरथरला. रागानं, रडू येऊन नव्हे. "मग आता तिचे तीन अंक कशाला घालवलेत? स्वतःसाठी नाही घालवलेत. माझ्यावरच्या रागापायी घालवलेत. माझा राग एवढा मोलाचा आहे होय तुम्हाला? लेकीपेक्षा?"

धनश्रीला तोंडात मारल्यासारखं झालं. उत्तर शोधायला श्वासच पुरेना, म्हणून जे खरं होतं तेच बाहेर पडलं.

"जळते मी तुझ्यावर," ती म्हणाली. "रोज जळते. तू आधी स्वतःचं बघतेस, मजेत राहतेस, आणि पोरं तरी तुझीच होतात. मी सगळं देते आणि माझ्या हाती काय? शून्य. कागदावर लिहून आलं माझं शून्य."

"मी स्वतःचं का बघते, सांगू?" केतकी म्हणाली. "मला शर्विलचं लग्न बघायचंय. सून आली की तिच्याशी कडाकडा भांडायचंय. ते करायला छाती लागते, ताई. तुमच्याशी भांडायलाच एवढी लागते."

धनश्रीला हसू आलं आणि हसण्याच्या जागी ढास आली. खोकता खोकता ती केतकीच्या खांद्यावर कलली. वेलदोड्याचा वास खरंच येत होता. तिला तेवढ्यातही राग आला त्याचा.

"ओवी," ती शेवटी म्हणाली, "उद्यापासून दुपारी जा काकीकडं."

पुढच्या नऊ पायऱ्या दोघींनी ज्येष्ठा मिळून नेली, कनिष्ठा शर्विलला धरायला दिली. रिवाज मोडला. गौरी काही बोलल्या नाहीत.

*

दिवाळीनंतर पुन्हा शिबिर भरलं. दुसऱ्या नळीचा उपयोग नाही हे जाहीर झालं होतं, तरी रांगेतल्या निम्म्या बायका कागद मागतच होत्या. "असू दे की, एखादा कण तरी लागेल पोराला," म्हणत होत्या. हातातला घास आधी पोराच्या ताटात टाकायची सवय त्यांच्या हाडात होती, ती सरकारी पत्रकानं कुठं जायला?

शकीलाताईंनी प्रश्न वाचायला सुरुवात केली. "तुमचा अंक शेहेचाळीस. नळी घेतली तर..."

"द्या इकडं," धनश्री म्हणाली.

"कागद?"

"नळी."

हॉलमध्ये कुजबुज झाली. मागून कुणीतरी "बघ गं ही!" म्हणालं. मुद्दाम ऐकू जाईल एवढं मोठ्यानं. धनश्री खुर्चीवर टेकली, डोळे मिटले, आणि एक, दोन, तीन मोजत अख्खी नळी ओढली. जीभ बधिर झाली. मग तिनं सावकाश ओठ पुसले.

कुणी याला शहाणपण म्हणू नका. तिला स्वतःच्या छातीची काळजी वाटली असं नाही, तेवीस अंकांचा मोह पडला असं तर मुळीच नाही. तिच्या डोक्यात एकच आकडा होता, छत्तीस. त्या छत्तीसला खाली ओढायचं होतं.

आणि मग ती कामाला लागली. कापड तपासायचं टेबल तिनं शेडमधून उचलून पुढच्या सोप्यात आणलं. संग्राम म्हणाला, उजेड कमी पडेल. ती म्हणाली, दिवा लावा. चारपर्यंत ओवी काकीची, चारनंतर आईची, असं ठरलं. चार वाजता धनश्री गूळ घालून धपाटी करायची, आणि त्या वासानं ओवीच्या मागोमाग शर्विलही जिना उतरायचा. तो एकदा खाली आला की हलायचा नाही. मोठ्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून पाढे म्हणायचा आणि सतराच्या पाढ्यात झोपायचा. त्याला वर पाठवायचं धनश्रीच्या मनात यायचं, पण झोपलेलं पोर कोण उठवतंय? शिवाय त्याच्या तोंडातून भस्सकन श्वास अंगावर यायचा तो बरा वाटायचा.

चार पदरी वेणीही ती शिकली. टेबलावरच्या सुताच्या लडीवर सराव करून.

जूनमध्ये शकीलाताई पाकीट घेऊन आल्या. तेच जाजम, तीच माणसं. धनश्रीनं सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता.

"ओवीचा अंक अठ्ठ्याण्णव," शकीलाताई म्हणाल्या. "आता भाग. स्वतःचे अठ्ठेचाळीस. काकीचे एकवीस. बाबांचे चार." त्यांनी मान वर केली. या वेळी त्या सरळ धनश्रीकडं बघत होत्या. "आईचे सत्तावीस."

धनश्रीनं ओवीला ओढून घेतलं आणि तिच्या छातीवर कान ठेवला, जसं काही आतून कुणी आपल्या नावानं हाक मारणार होतं. मग डोकं वर करून ती केतकीला म्हणाली, "सहानं पुढं."

"ऐकलं, ऐकलं," केतकी हसली. "पेढे आणा की आता."

"शर्विल," शकीलाताईंनी दुसरा कागद उलगडला. "अंक अठ्ठ्याण्णव. स्वतःचे पन्नास. बाबांचे तीन. आईचे बावीस." त्यांनी चष्मा सरळ केला. "मोठ्या आईचे पंचवीस."

"किती?" केतकीनं विचारलं.

"पंचवीस."

"नीट बघा. उलटं छापलं असेल."

"शिक्का धनश्रीच्या नळीचा आहे."

केतकीच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तिथंच राहिलं, पण त्याची एक कड जरा वाकडी झाली. तिनं शर्विलकडं पाहिलं. तो धनश्रीच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. धनश्रीनं तो चेहरा तत्काळ ओळखला. दीड वर्ष तो तिनं रोज आरशात पाहिला होता.

"शर्विल," केतकी म्हणाली, "उद्यापासून खाली जरा कमी जायचं हं."

आणि धनश्री हसायला लागली. आधी पदराआड, मग उघड, मग मान मागं टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. संग्राम हसला, शकीलाताई हसल्या, शेवटी केतकीसुद्धा "गप बसा ओ ताई!" म्हणत हसली. धनश्री थांबेचना. आपला अंक तिनं अजून विचारलाही नव्हता, पाकिटातला तिचा कागद तसाच पडून होता.

हसत नव्हती ती एकटी ओवी. ती आईकडं टक लावून बघत होती, दरवेळी बघायची तशी, पाण्याचा तांब्या हातात तयार ठेवून. आई हसून दमली, तिनं डोळे पुसले, एक लांब श्वास घेतला आणि पुन्हा हसली, तरी ढास आली नाही. तेव्हा ओवीनं तांब्या खाली ठेवला.